आधी रावणवध, मग रामजन्म

नवीन गाडी घेतली त्यात सीडी प्लेअर नाही. शोरूममधल्या पोराला विचारलं तर तो असा बघायला लागला की जणू काही मी चाबूक कुठे अडकवायचा असं विचारलंय. "सर, आता सगळं ब्लूटूथ," म्हणाला, आणि अगदीच वाईट वाटलं असावं म्हणून गिअरच्या पुढे एक यूएसबीचं भोक दाखवलं. झालं, तिथून आमच्या घरात हा उद्योग सुरू झाला.

माझ्याकडची गाणी सायबर कॅफेच्या काळापासूनची आहेत. तेव्हा 128 केबीपीएसचं एमपी3 म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे 700 एमबीच्या एका सीडीत सव्वाशे-दीडशे गाणी बसायची आणि आपण जग जिंकल्यासारखं सीडीवर मार्करने 'जुनी हिंदी 4' असं लिहायचो. त्या सगळ्या सीड्या मी हार्ड डिस्कवर चढवल्या, मग ती हार्ड डिस्क दुसऱ्या हार्ड डिस्कवर, त्यामुळे काही गाणी तीन-तीनदा आहेत, एक 'जुनी हिंदी' नावाचा फोल्डर, त्याच्या आत 'जुनी हिंदी नवीन' आणि त्याच्या आत 'सॉर्ट करायचंय'. हे शेवटचं करायचं राहिलंय ते राहिलंयच.

"बाबा, ॲपवर आहे की सगळं, कशाला एवढी मेहनत?" इति चिरंजीव. आता ह्याला काय सांगणार. घाटात शिरलं की रेंज जाते, आणि ऐन अंतऱ्याला तो गोल फिरायला लागतो. आणि सगळं नाहीये ॲपवर. माझ्याकडे गणेशोत्सवातल्या एका मैफलीची कॅसेटवरून उतरवलेली कॉपी आहे, तीसुद्धा मामांच्या मित्राच्या कॅसेटची कॉपी, त्यात यमन छान रंगात आलाय, बुवांनी नुकता वरचा सा लावलाय आणि मागून लाऊडस्पीकरवर आवाज येतो, "गेटासमोर लावलेली पांढरी फियाट ज्यांची असेल त्यांनी ती कृपया काढावी." बुवा थांबत नाहीत. फियाटवाला उठला की नाही देव जाणे. पण मी आता कुठेही यमन ऐकला की वरच्या सा नंतर त्या फियाटची वाट बघतो. हे कुठल्या ॲपवर मिळणार?

तर आधी फोन. फोनला केबल लावली, चार्जिंग सुरू झालं, कॉम्प्युटरला फोन दिसेना. फोनमध्ये 'फक्त चार्जिंग'वरून 'फाइल ट्रान्सफर' करावं लागतं हे मला माहीत होतं, पण तो पर्यायच येईना. शेवटी चिरंजिवांनी केबल बघितली आणि म्हणाले ही चार्जिंगचीच आहे, हिच्यात डेटाच्या वायरी नसतात. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच, एकीच्या पोटात चार वायरी, दुसरीच्या दोन, ओळखायचं कसं तर लावून बघायचं. घरातल्या खणात सोळा-सतरा केबली निघाल्या त्यातली एक खरी.

गाणी फोनमध्ये गेली आणि मग कळलं की फोनमधलं प्लेअर जे जे वाजू शकतं ते सगळं गाणं समजतं. म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेले आत्याचे दोन-दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज पण. शफलवर एक मस्त ठुमरी संपली आणि लगेच आत्या, "अरे, ते कोर्टाचं काय झालं रे?" आई मागच्या सीटवर. तिला ते कोर्टाचं काहीच सांगितलेलं नव्हतं. पुढचा अर्धा तास गाणी बंद.

म्हणून पेनड्राइव्ह. दुकानात म्हटलं 16 जीबीचा द्या, तो म्हणाला काका 16 चा आता कोण घेतं, 64 चा न्या. नेला. तासभर कॉपी केली, गाडीत लावला, स्क्रीनवर 'नो डिव्हाइस'. प्रकार असा की एवढे मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅट नावाच्या पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि बऱ्याच गाड्यांना कळतं फक्त जुनं फॅट32. आणि आमच्या कॉम्प्युटरवर फॉरमॅटची खिडकी उघडली तर ती 32 जीबीच्या वर फॅट32 चा पर्यायच दाखवत नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर उतरवा. ते उतरवलं. पुन्हा तासभर कॉपी.

आता गाडीने पेनड्राइव्ह ओळखला आणि गाणी वाजायला लागली. नावं मात्र चौकोन. मी हौसेने गाण्यांची नावं देवनागरीत टाइप केली होती, गाडीला देवनागरी येत नाही, त्यामुळे लताबाई म्हणजे पाच चौकोन आणि भीमसेनजी म्हणजे सात. ज्यांची नावं मी टाइप केली नव्हती ती इंग्रजीत दिसतात, पण गायकाच्या जागी जिथून गाणं उतरवलं त्या वेबसाइटचं नाव, त्यामुळे आमच्या गाडीच्या मते हिंदुस्तानातली निम्मी गाणी एकाच डॉट कॉमने गायलीत.

हेही चाललं असतं. पण आईने गीतरामायण लावायला सांगितलं.

गीतरामायण म्हणजे गदिमा आणि बाबूजींचं, 1955-56 साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक असं वर्षाहून थोडं जास्तच लागलेलं, एकूण 56 गाणी. आईने ते रेडिओला कान लावून ऐकलेलं आहे त्यामुळे ह्या विषयात तिला चालतं फक्त परफेक्ट. आधी फोनवरून ब्लूटूथने लावलं. फोन लावतो एबीसीडीप्रमाणे. पहिलंच लागलं 'आज का निष्फळ होती बाण'. म्हणजे थेट युद्ध, रावण मरेना. आई म्हणाली, "अरे, हा अजून जन्मायचाय!" पुढे अहल्येचा उद्धार, मग सीतेचं लग्न. थोड्या वेळाने 'भूवरी रावणवध झाला'. मग 'गा बाळांनो श्रीरामायण', जे खरं तर 56 वं, म्हणजे समारोप झाला. आणि त्यानंतर कितीतरी गाण्यांनी 'राम जन्मला'. पुढे 'सेतू बांधा रे'. आता रावण मेलाय, समारोप झालाय, पूल कशाला बांधताय, आईचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याच्याही पुढे 'स्वये श्री रामप्रभू', जे पहिलं.

मी गाण्यांना आकडे दिले. 1, 2, 3. तर यंत्राच्या हिशोबात 1 नंतर 10 येतो, मग 11, आणि 19 झाल्यावर 2. पुन्हा 01, 02 असे दिले. फोन सुधारला. तोच फोल्डर पेनड्राइव्हवर टाकला तर गाडीने तिसराच क्रम लावला, कारण आमची गाडी नाव बघतच नाही, ज्या क्रमाने फाइल पेनड्राइव्हवर उतरली त्या क्रमाने वाजवते, आणि आपण एकदम सगळं ओढून टाकलं की कोण आधी उतरेल ह्याचा भरवसा नाही. राम सव्वीसावा उतरला असेल तर सव्वीसावा. चिरंजीव म्हणाले थांबा, मी माझ्या लॅपटॉपवरून एकेक करून टाकतो. टाकली. क्रम बरोबर आला, पण स्क्रीनवर 1/112. छप्पनची एकशे बारा झाली कशी? तर त्याचा लॅपटॉप प्रत्येक गाण्याबरोबर ठिपक्याने सुरू होणारी एक लपलेली फाइल पण टाकतो, ती आपल्याला दिसत नाही पण गाडीला दिसते, आणि गाडी ती प्रामाणिकपणे वाजवायला जाते. प्रत्येक गाण्यानंतर 'अनसपोर्टेड फाइल' आणि पाच सेकंद शांतता. आईला ते बरं वाटलं, म्हणाली रेडिओवर पण मध्ये थोडं थांबायचे. पण मी त्या पुसल्याच.

आता सगळं जागेवर आहे, फक्त गाडी बंद करून परत चालू केली की ती पहिल्यापासून सुरू करते. कुठपर्यंत आलो होतो हे तिच्या लक्षात राहत नाही. म्हणजे घरातून निघालं की 'स्वये श्री', मग शरयूतीरी अयोध्या, मग कौसल्या उदास, दशरथाला पायस मिळतं आणि माझं ऑफिस येतं. लांबच्या प्रवासातही कोणीतरी चहा प्यायला थांबवतंच. मी आपला बटण दाबत बसतो पुढे पुढे, पण आईला मधली गाणी दाबलेली चालत नाहीत.

परवा पिरंगुटच्या पुढे पेट्रोल भरायला थांबलो. टाकी भरली, पैसे दिले, किल्ली फिरवली आणि पुन्हा पहिल्यापासून. आई मागून म्हणाली, "राहू दे रे. ह्या गाडीत कैकेयीला तोंड उघडायची संधीच मिळत नाही, तेवढंच बरं."

बायकोने रेडिओ लावला.