‘गोळ्या उष्ण पडतात, दुधाबरोबर घ्या’: कुठल्या गोळ्या?

फिरणारा मेसेज असा: ‘अँटिबायोटिक उष्ण पडतात. दुधाबरोबर घ्या, वर ॲसिडिटीचं पातळ औषध घ्या, अशक्तपणासाठी मल्टिव्हिटॅमिन जोडा. रोजच्या गोळ्या चालू ठेवा, काही होत नाही.’

अमॉक्सिसिलिन या अँटिबायोटिकला दूध चालतं, तेवढं मान्य. पण चिठ्ठीवर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक असेल तर यातला एकही सल्ला पाळू नका.

दूध: हे औषध आतड्यातच कॅल्शियमला चिकटतं आणि रक्तात न शिरता शौचावाटे निघून जातं. नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबर घेतलं तर जवळपास तिसरा हिस्सा वाया जातो. पूर्ण जेवणात ताक किंवा पनीर असलं तर हरकत नाही. गोळी मात्र पेलाभर पाण्याबरोबरच घ्या. मळमळत असेल तर आधी चार घास खा.

ॲसिडिटीचं औषध: त्यातलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दुधापेक्षा कितीतरी जास्त नुकसान करतं. शोषण ८० टक्क्यांहूनही अधिक घटू शकतं. मग ताप हटत नाही आणि ‘गोळी लागू पडली नाही’ असा बोल औषधाला लागतो. पँटोप्राझोल या ॲसिडिटीच्या गोळीत हे धातू नसतात.

मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, झिंक यांचंही तेच. नियम असा: सिप्रोफ्लॉक्सासिन या गोळ्यांच्या किमान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावं. सकाळी ८ आणि रात्री ८ अशी वेळ असेल तर लोह-कॅल्शियमला दिवसा १० ते २ एवढीच फट उरते, म्हणून ते दुपारच्या जेवणावर टाका. मल्टिव्हिटॅमिन आठवडाभर बंद ठेवलं तरी बिघडत नाही.

‘रोजच्या गोळ्या चालू ठेवा’ हे मात्र घातक आहे. यकृतातलं जे एन्झाइम टिझानिडिन (आखडलेले स्नायू सैल करणारं औषध) मोडतं, तेच सिप्रोफ्लॉक्सासिन अडवतं. रक्तातलं टिझानिडिन दहापट होऊ शकतं. रक्तदाब कोसळतो, माणूस गुंगीत जातो. ही जोडी निषिद्धच आहे. पाठदुखीच्या काही मिश्र गोळ्यांत टिझानिडिन असतं, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. दम्याच्या थिओफायलिनची पातळीही अशीच चढते: आधी मळमळ, धडधड, पुढे झटके. चहा-कॉफीतलं कॅफिनही रेंगाळतं आणि झोप उडते. त्याचं खापरही ‘उष्णते’वरच फुटतं.

मधुमेहासाठी ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर अचानक उतरू शकते, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन घेणाऱ्यांना रक्तस्राव होऊ शकतो. वॉरफरिनवाल्यांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) कधी तपासायचा हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. विशेषतः साठीपुढे किंवा स्टिरॉइड चालू असताना टाचेमागची जाड शीर (स्नायू हाडाला जोडणारा टेंडन) दुखू लागली, तर सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी तिथेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.