‘पगार तोच मिळतो’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘जॉब’ आणि ‘वर्क’ या शब्दांवरच्या माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया तीनदा वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो नाही, कारण त्या दिवशी लिहिलं असतं तर ते छापण्याजोगं राहिलं नसतं.

लेखात मी एवढंच म्हटलं होतं : जॉब म्हणजे तोडून वेगळं काढलेलं, आरंभ आणि शेवट असलेलं एक काम, किंवा पगाराची जागा. वर्क म्हणजे श्रम, ज्याला ‘एक’, ‘दोन’ असं मोजता येत नाही. म्हणून ‘आय हॅव अ वर्क’ हे इंग्रजी चुकीचं आहे आणि ते आपण टाळावं. त्यावर आपले आक्षेप असे : मी सॅम्युएल जॉन्सनच्या जुन्या इंग्रजी शब्दकोशाचं साल चुकवलं, शब्दाचा अर्थ वापरावरून ठरतो, व्युत्पत्तीवरून नाही, लाखो लोक ‘अ वर्क’ म्हणत असतील तर तेही इंग्रजीच. आणि शेवटी हे वाक्य : ‘कामाला जॉब म्हणा नाहीतर वर्क म्हणा, पगार तोच मिळतो, पण हे कळायला आयुष्यात कुठेतरी राबावं लागतं.’

सालाबद्दल आपलं म्हणणं शंभर टक्के खरं. सॅम्युएल जॉन्सनचा कोश १७५५चा, मी १७७५ लिहिलं. चूक माझी. दुरुस्ती केली आहे आणि आपले आभार मानतो.

आता ते शेवटचं वाक्य. आपली माझी ओळख नाही. मी कधी, कुठे, किती राबलो याची आपल्याला काहीही कल्पना नाही. तरीही एका ओळीत आपण मला आरामखुर्चीत बसवून टाकलंत. मतभेद असू द्या, लेख टाकाऊ वाटला तर तसं सांगा. पण लिहिणाऱ्याच्या हाताला घट्टे आहेत की नाहीत हे न पाहता त्याला राबण्याचे धडे देणं, हे कुठल्या वादपद्धतीत बसतं?

मी अकरा वर्षं लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, उभा होतो. टर्नर म्हणून. तिथे ‘जॉब’ हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडायचा आणि त्याचा अर्थ नोकरी नव्हता. जॉब म्हणजे मशीनवर चढवलेला धातूचा तुकडा. ‘जॉब चकात धर’, ‘जॉब हलतोय, नीट आवळ’, ‘जॉब रिजेक्ट झाला’. ड्रॉइंगमध्ये दिलेल्या मापापेक्षा केसभर जास्त कापलं गेलं की जॉब गेला, परत जोडता येत नाही. पुस्तकात त्याच तुकड्याला ‘वर्कपीस’ असा शब्द होता. आता हा शब्द जरा थांबून पाहा. नुसतं ‘वर्क’ म्हणून का भागलं नाही? पुढे ‘पीस’ का लावावं लागलं? कारण वर्क सुटं होत नाही. ते मोजायचं तर त्याचा तुकडा पाडावा लागतो, आणि त्या तुकड्याला कारागिरांनी आपल्या सोयीचा शब्द वापरला तो जॉब. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत हा शब्द सापडतो तोसुद्धा ‘जॉब ऑफ वर्क’ अशाच जोडीत, कामाचा एक तुकडा या अर्थाने. हे कोशात वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. मी तो तुकडा हातात धरलेला होता.

जॉन्सनला या शब्दाचं मूळ सापडलं नव्हतं आणि त्याने तसं प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. सध्या फार चालणारा हलका शब्द, असा शेरा मारून त्याने अर्थ दिला तो क्षुल्लक काम, अवचित हाती आलेल्या कामाचा तुकडा. कायमच्या पगाराची जागा हा अर्थ नंतरचा, एकोणिसाव्या शतकातला. आज माणसं जॉब मिळाला म्हणून पेढे वाटतात. त्या शब्दाने केवढी मजल मारली आहे! पण जुना अर्थ मेलेला नाही. कॉम्प्युटरवरून छापायला पाठवलेली प्रत्येक फाइल हा एक ‘प्रिंट जॉब’ असतो, छापून झाला की रांगेतून नाहीसा होतो. घरातली सुटी किरकोळ कामं म्हणजे ‘ऑड जॉब्ज’. उलट घरी बसून नोकरी करणारा ‘वर्क फ्रॉम होम’ करतो. ‘जॉब फ्रॉम होम’ असं आपण तरी म्हणाल का?

पगार तोच मिळतो म्हणता. मला मिळाला नाही.

लेथ सुटल्यावर मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं भाषांतर करू लागलो. सुरुवातीच्या एका करारात ‘पेमेंट बाय द जॉब’ असं लिहिलेलं होतं. मी ते वाचलं, समजलं असं मानलं आणि सही केली. जॉब म्हणजे नोकरी, म्हणजे नोकरीसारखा महिन्याचा हिशेब, असं माझ्या डोक्यात पक्कं. सात आठवडे खपलो. मजकूर तीनदा बदलून आला, तीनदा नव्याने केला. शेवटी हातात पडली ती एकच ठरीव रक्कम. ‘बाय द जॉब’ म्हणजे कितीही तास लागोत, अख्ख्या कामाचे मिळून एकदाच पैसे. शब्द तिथे स्वच्छ छापलेला होता. अकरा वर्षं ज्या शब्दाचा खरा अर्थ हातात घेऊन उभा होतो, तोच कागदावर मला ओळखता आला नाही. घरी काय सांगायचं या विचारात त्या संध्याकाळी मी बराच वेळ बाहेर फिरत राहिलो. तो लेख मी शब्दांची हौस म्हणून लिहिला नव्हता. दुसऱ्या कुणी तसं फिरत राहू नये म्हणून लिहिला होता. आणि आपण त्याखाली हसरी चेहरेचिन्हं डकवता.

पुढे एकदा परदेशी ग्राहकाला ‘आमच्याकडे तीन वर्क्स पेंडिंग आहेत’ असं कळवलं. त्याने विचारलं, तुमचे कारखाने तीन आहेत का आणि ते अजून उभे राहायचे आहेत का? ‘वर्क्स’ म्हणजे कारखाना हाही एक अर्थ आहे. अनेकवचनाचा एक ‘स’ लागला आणि त्याला वाटलं आमच्याकडे न बांधलेले कारखाने आहेत. माणूस सभ्य होता, त्याने विचारून घेतलं.

‘अ वर्क’ म्हणणाऱ्यांना मी अडाणी ठरवलं, असाही आपल्या लिहिण्याचा सूर आहे. हे मी कुठेही म्हटलेलं नाही. ही चूक अज्ञानातून नाही, मराठीतून येते. आपलं ‘काम’ दोन्हीकडे चालतं. ‘खूप काम आहे’ म्हटलं की ते वर्कसारखं पसरलेलं. ‘तुझ्याकडे एक काम होतं’ म्हटलं की जॉबसारखं सुटं. ‘मुलगा कामाला लागला’ यात नोकरी आली, ‘चल, कामाला लाग’ यात नुसते श्रम. यंत्र कामातून गेलं म्हणजे निकामी झालं, आणि शिपाई लढाईत कामी आला म्हणजे धारातीर्थी पडला. एवढा मोठा पसारा एक शब्द सांभाळतो. असा शब्द तोंडात घेऊन इंग्रजीत गेलेला माणूस ‘एक काम आहे’चं ‘आय हॅव अ वर्क’ करणारच. मीही करायचो. इंग्रजीत वर्कला ‘अ’ लागतो तो कलाकृती म्हणायची असेल तेव्हा : ‘अ वर्क ऑफ आर्ट’. साहेबाला ‘आय हॅव अ वर्क’ म्हणून लवकर निघणाऱ्याच्या मनात चित्र किंवा शिल्प नसतं.

राहिला वापर अर्थ ठरवतो हा मुद्दा. तो मला ठाऊक आहे, आपण पहिल्यांदा सांगत नाही. त्यावर चर्चा होऊ शकते, पण ती अशा स्वरात सुरू होत नाही. लाखो लोक म्हणतात म्हणून बरोबर, यावर तर मी काही लिहिणार नाही. नोकरीच्या अर्जावर समोरचा लाखो लोकांना विचारून निर्णय घेत नाही.

आपण शेवटी विचारलंत, ‘तुम्ही स्वतः सध्या जॉब करता की वर्क?’ सांगतो. जॉब नाही. वर्क आहे, भरपूर आहे, आणि आज सकाळपासून त्यातला बराच वेळ या उत्तरात गेला. लेखातलं साल बदललं आहे. ‘अ वर्क’चा परिच्छेद आहे तसाच राहील.