नकाशा पास झाला, गवताचं कुणी विचारलंच नाही

मागच्या मार्चमध्ये आमच्या घरामागच्या टेकडीला वणवा लागला. नाशिकच्या त्र्यंबक रोडपासून आत, डोंगराच्या पायथ्याला आमचं छोटं घर आहे. आग कुंपणापर्यंत आलीच नाही, गावातल्या पोरांनी हिरव्या डहाळ्यांनी झोडपून ती बांधावरच विझवली. तरी आमची पडवी पेटली. वाऱ्यावर आलेली ठिणगी पन्हाळीतल्या सागाच्या वाळक्या पानांत पडली आणि तिथून हौसेने घातलेल्या गवताच्या छपराला लागली. शेजारच्या बाबांनी पाइप ओढत आणून पाणी मारलं. सगळं निवल्यावर म्हणाले, "ताई, पावसाळा सरल्यापासून तो पाला काढलाच न्हाई का?"

नाही काढला. घराचा नकाशा मंजूर करून घेताना सामासिक अंतरं (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), शोषखड्डा, सगळं विचारलं गेलं. डोंगराकडच्या बाजूला काय वाढतंय, छप्पर कशाचं आहे, हे कुणीच विचारलं नाही. मला हे फार चुकीचं वाटतं. गिरणारे, अंजनेरी, इगतपुरी, जिकडे बघावं तिकडे डोंगराला खेटून बंगले उठतायत.

कॅलिफोर्नियात वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना २००८पासून वेगळे बांधकाम नियम आहेत. छप्पर सहज न पेटणारं हवं, झरोक्यांना ठिणगी अडवणारी बारीक जाळी हवी. घराभोवती १०० फुटांपर्यंत वाळलेलं गवत-झुडूप आवरायचं, हाही कायदा आहे. एवढं असून २०१८ साली तिथल्या पॅराडाइज गावात आणि आसपास वणव्यात ८५ माणसं गेली. तिथल्या फोटोंत घरांची राख झालेली दिसते आणि बाजूची झाडं हिरवी उभी असतात. ठिणग्या किलोमीटरभरसुद्धा उडत जातात, म्हणून भिंतीलगतचे पहिले पाच फूट सगळ्यांत महत्त्वाचे. तिथे पाला, सरपण, काथ्याचं पायपुसणं, बांबूचं कुंपण यातलं काही नको. आम्ही आता तिथे नुसती खडी टाकली आहे. गवताचं छप्पर काढून कौलं घातली, आणि कौलांच्या कडेच्या फटी सिमेंटने बुजवल्या, कारण चिमण्यांची घरटी तिथेच असतात आणि ती कापसासारखी पेटतात.

उतारावर घर असेल तर खालची बाजू जास्त लांबपर्यंत मोकळी ठेवा. चढावर ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवत जातात, त्यामुळे आग पळतच वर येते. पण जेसीबी लावून जमीन उघडी करू नका. आपल्याकडचा पाऊस ती माती एका आषाढात खाली नेईल. गवत मुळासकट उपटायचं नाही, वीतभर ठेवून कापायचं. तेही दिवाळीनंतर लगेच, म्हणजे गुरांना चारा म्हणून कुणीतरी आनंदाने नेतं.

आणि कापलेलं तिथेच पेटवून देऊ नका, हात जोडून सांगते. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्याच हातचे असतात. राखीव जंगलात आग लावणं १९२७च्या वन कायद्याने गुन्हा आहे. अंजनेरीच्या माथ्यावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. ती दुर्मीळ आहे आणि तिचं नावच या डोंगरावरून पडलंय. बंगल्याच्या आवारातला कचरा जाळताना हे कुणाच्या मनातही येत नाही.

धूर दिसला की वनखात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे, फोनमध्ये टाकून ठेवा.

आमच्या ओळीतला एक प्लॉट रिकामा आहे, कंबरभर कुसळी वाळलीय त्यात. मालक मुंबईला असतात. काल फोन केला, "कापून टाका, पैसे पाठवतो" म्हणाले. रविवारी सकाळी सात वाजता विळे घेऊन आम्ही चार घरं निघतोय. चारा न्यायला बाबांची बैलगाडी येणार आहे.