झेनोडो, चार ओळी आणि ‘नंतर बदलू’

झेनोडो म्हणजे संशोधनाचा डेटा आणि कोड जपून ठेवणारं ऑनलाइन भांडार. त्याबद्दल संशोधकांच्या गटांत एक सल्ला सतत फिरत असतो: “झेनोडोवर डेटा चढवायला चार ओळींची पायथन स्क्रिप्ट पुरते. गिटहब (कोड ठेवायची साइट) जोडलं तर तीही नको. आणि चुकलंच, तर फाइल नंतर बदलता येते.” पहिलं वाक्य थोडंफार खरं आहे, दुसरं कामापुरतं, तिसरं घातक.

चार ओळींचं आधी बघू. स्क्रिप्टने सर्व्हरला पाठवायच्या विनंत्या खरोखर चारच: रिकामं डिपॉझिट (नोंदीचा मसुदा) तयार करणं, फाइल चढवणं, मेटाडेटा (शीर्षक, लेखक, वर्णन) भरणं, प्रकाशित करणं. घोळ होतो दुसरीत. पहिल्या उत्तरात ‘बकेट’ नावाची लिंक येते. फाइल तिथे ‘पुट’ प्रकारच्या विनंतीने, आहे तशी जायला हवी. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत सवयीने ‘डेटा’ऐवजी ‘फाइल्स’ लिहिलं, की फाइलच्या आगेमागे मल्टिपार्टचा (वेब-फॉर्मच्या वेष्टणाचा) मजकूर चिकटतो आणि त्याच्यासकट ती साठवली जाते. सर्व्हर कुरकुरत नाही. सीएसव्ही उघडल्यावर पहिल्या ओळीत स्तंभांच्या नावांऐवजी दोन डॅश आणि निरर्थक अक्षर-अंकांची रांग दिसते, तेव्हा कळतं. म्हणून उत्तरातला एमडी५ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) आपल्या फाइलच्या एमडी५शी ताडून पाहा. उत्तरात त्याच्या आधी ‘एमडी५:’ लिहिलेलं असतं. ते छाटलं नाही, तर चांगली फाइलही ‘चुकीची’ ठरते. शिवाय एका नोंदीची मर्यादा 50 जीबी आणि 100 फाइली. बारक्या फाइलींचा ढीग असेल तर आधी झिप करा.

गिटहबची जोडणी सॉफ्टवेअरपुरती झकास. पण ती सुरू केल्यानंतर काढलेल्या रिलीजच (जाहीर केलेल्या आवृत्त्याच) झेनोडोत जातात, आधीच्या नाहीत. गिटहबच्या झिपमध्ये सबमॉड्यूलमधला (जोडून घेतलेल्या दुसऱ्या रिपॉझिटरीतला) कोडही नसतो. म्हणजे डीओआय (नोंदीचा कायमचा ओळख-क्रमांक) मिळतो, तो अर्ध्या कामाला.

राहिलं ‘नंतर बदलू’. शीर्षक, लेखकांची नावं, वर्णन प्रकाशनानंतरही सुधारता येतं. फाइलसाठी मात्र साधारणपणे नवी आवृत्ती काढायची, आणि तिला वेगळा डीओआय मिळतो. शोधनिबंधात पहिल्या आवृत्तीचा डीओआय छापून गेला असेल, तर वाचक त्याच चुकलेल्या फाइलीवर पोचणार. आणि स्क्रिप्ट जिच्याशी बोलते त्या डिपॉझिट एपीआयचं ‘डिलीट’ अप्रकाशित मसुद्यापुरतंच आहे.

तेव्हा रंगीत तालीम झेनोडोच्या सँडबॉक्सवर (सरावाच्या साइटवर) करा; तिथलं खातं आणि टोकन (स्क्रिप्टचा परवाना) वेगळं लागतं. खऱ्या साइटसाठी टोकन बनवताना ‘डिपॉझिट:राइट’ एवढीच, म्हणजे मसुद्यात लिहिण्यापुरती, परवानगी द्या, प्रकाशित करू देणारी ‘डिपॉझिट:अ‍ॅक्शन्स’ नको. म्हणजे स्क्रिप्ट मसुद्यापाशी थांबते आणि ‘पब्लिश’चं बटण फाइल उघडून पाहिलेला माणूस दाबतो.