हिरवं पाणी झालं म्हणून टाकी धुऊन काढू नका

उन्हाळा लागला की कोल्हापुरातल्या मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. फिश टँकचं पाणी हिरवं पडलं तर काय करायचं, याची ती यादी आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं : हिरवं पाणी माशांना विषारी असतं. म्हणून सगळं पाणी ओतून द्या, खडे, फिल्टर, काच ब्लीचिंग आणि गरम पाण्यानं घासून काढा, नवं पाणी भरा आणि मासे लगेच परत सोडा. पुढं शेवाळ येऊ नये म्हणून एक सकर मासा आणा, तुरटी फिरवा, चिमूटभर मोरचूद टाका, माशांना ऊन मिळावं म्हणून टाकी खिडकीत ठेवा. तरी पाणी हिरवंच राहिलं तर मोठा फिल्टर घ्या.

मेसेज पुढं पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण या यादीप्रमाणं वागलं की मासे मरतात, आणि घरातले लोक समजतात की हिरव्या पाण्यानं मेले. म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

"हिरवं पाणी विषारी असतं"

पाण्याला हिरवा रंग येतो तो एकपेशीय शेवाळामुळं. क्लोरेला, युग्लिना अशी त्यांची नावं. काचेवर किंवा खड्यांवर धरतं ते शेवाळ वेगळं. हे पाण्यातच तरंगत राहतं. मत्स्यबीज केंद्रांमध्ये कोवळ्या पिल्लांसाठी मुद्दाम हिरवं पाणी तयार करतात, कारण पिल्लांचं सूक्ष्म खाद्य त्यावर पोसतं आणि हे शेवाळ पाण्यातला, माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया शोषून घेतं. तेव्हा नुसत्या हिरव्या रंगानं मासा मरत नाही.

धोका कुठं आहे तेही सांगतो, कारण मेसेजात अर्धं सत्य आहे. शेवाळ दिवसा उजेडात ऑक्सिजन सोडतं, पण रात्री माशांसारखंच ऑक्सिजन घेतं. पाणी दाट हिरवं असेल आणि एअर पंप बंद असेल तर पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. तुमचे मासे सकाळी उठल्या उठल्या पाण्याच्या वर तोंड काढून गटागटा हवा घेताना दिसत असतील आणि दहा-अकरापर्यंत आपोआप नीट होत असतील, तर हेच घडतंय. उपाय एवढाच की एअर पंप रात्रभर चालू ठेवायचा.

दुसरा धोका दुपारचा. उजेडात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळं पीएच, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्क हे सांगणारा आकडा, वर जातो. पीएच ७ वरून ८ वर गेला की पाण्यात असलेल्या अमोनियाचा विषारी भाग साधारण दहा पटींनी वाढतो. म्हणजे शेवाळ स्वतः विष नसलं तरी आधीच घाण असलेल्या टाकीत ते अमोनियाला जास्त घातक करतं.

एक अपवाद नीट ओळखा. खड्यांवर, झाडांच्या पानांवर गडद निळसर-हिरवी, बुळबुळीत साय धरली असेल, बोटानं ओढली की सोलून येत असेल आणि कुबट वास मारत असेल, तर ते खरं शेवाळ नव्हे, सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू आहेत. त्यांच्या काही जाती खरोखर विष सोडतात. ती साय नळीनं ओढून बाहेर काढावी.

"सगळं पाणी ओता, सगळं धुऊन काढा"

यादीतला सर्वांत घातक सल्ला हाच, म्हणून इथं जरा थांबतो.

माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि कुजलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. टाकी स्थिरावलेली असेल तर त्यात राहणारे जीवाणू या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट थोड्या प्रमाणातही माशांना मारतात. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात चालतं. हे जीवाणू मोकळ्या पाण्यात फारसे नसतात. ते चिकटून राहतात फिल्टरच्या स्पंजला, खड्यांना, काचेला. मेसेज ज्या ज्या वस्तू ब्लीचिंगनं घासायला सांगतो, नेमक्या त्याच. तो जीवाणूंचा थर नव्यानं धरायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस मासे स्वतःच्याच अमोनियात पोहत असतात.

आणि शेवाळ? ते जातच नाही. हिशोब करून बघा. एवढी घासपूस करूनही शंभरातली एक पेशी ओल्या नळीत, स्पंजच्या पोटात, माशांबरोबर आलेल्या पाण्यात शिल्लक राहतेच. चांगला उजेड आणि खाद्य मिळालं की क्लोरेलासारखं शेवाळ दिवसाला दुप्पट होऊ शकतं. सात वेळा दुप्पट झालं की एकाचे १२८ होतात. म्हणजे आठवड्यात पाणी पुन्हा होतं तेवढं हिरवं. उलट, शेवाळाला अमोनिया फार आवडतो आणि जीवाणू गेल्यामुळं तो आता भरपूर असतो, त्यामुळं दुसऱ्या खेपेला रंग जास्त दाट येतो.

राजारामपुरीतल्या एका ओळखीच्या घरी हेच झालं. रविवारी अख्खी टाकी लखलखीत करून ठेवली. बुधवारपर्यंत गोल्डफिशचे पंख आवळून आले होते, कल्ले लालभडक झाले होते. आठवडा संपताना दोन मासे राहिले आणि पाणी पुन्हा हिरवट व्हायला लागलं होतं. त्या घरातल्या लहान पोरीनं माशांना नावं ठेवली होती. असला मेसेज खोडून काढायचा तो अशांसाठी.

पाणी बदलायचंच, पण पाव ते तिसरा हिस्सा. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ ५६ लिटर पाणी मावतं. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता ४५ च्या आसपास धरा. म्हणजे एका वेळी १२ ते १५ लिटर, एक बादली. स्पंज नळाखाली धरायचा नाही. टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घ्या आणि त्यातच स्पंज दोन-तीनदा पिळा. पाणी तपकिरी होतं, थोडा गाळ स्पंजमध्ये राहतो; तो राहू द्या.

नळाच्या पाण्याचंही सांगून ठेवतो. आपल्याकडं काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं येवो की पंचगंगा नदीचं, महापालिकेचं पाणी क्लोरिन मारूनच येतं, आणि ते तसंच यायला हवं, कारण आपण ते पितो. पण क्लोरिन कल्ले जाळतो आणि जीवाणूही मारतो. पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन बाटलीवर लिहिल्याप्रमाणं टाका. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, ते थेट ओतू नका. एक हात बादलीत, एक हात टाकीत घालून बघा. फरक जाणवला तर थांबा.

"सकर मासा सोडा"

सकर पोसतो तो काचेवरच्या शेवाळावर, तेही लहान असताना. पाण्यात तरंगणाऱ्या पेशी त्याला तोंडात धरताच येत नाहीत, त्यामुळं हिरव्या पाण्यावर त्याचा उपयोग शून्य. दुकानात बोटाएवढा दिसणारा हा मासा मोठा झाला की फूट-दीड फुटाचा होतो, खातो भरपूर आणि तेवढीच घाण करतो. ती घाण म्हणजे शेवाळाला खतच.

मग तो टाकीत मावेनासा होतो आणि लोक त्याला रंकाळा तलावात नाहीतर पंचगंगेत सोडतात. कृपा करून हे करू नका. हा दक्षिण अमेरिकेतला मासा आहे. अंगावर कठीण खवल्यांचं चिलखत, त्यामुळं इथं त्याला खाणारं फारसं कुणी नाही. गंगेत आणि आंध्रातल्या मत्स्यतलावांत तो पसरलाय. तिथं मच्छीमारांची जाळी फाटतात आणि स्थानिक माशांच्या खाद्यात वाटेकरी येतो. पाळणं अशक्य झालं तर ज्या दुकानातून आणला तिथं परत द्या.

"तुरटी फिरवा, मोरचूद टाका"

तुरटीनं शेवाळाच्या पेशी एकमेकींना चिकटून तळाला बसतात आणि एक-दोन दिवस पाणी नितळ दिसतं. पण तुरटी पाण्याची आम्लता झेलण्याची ताकद खाऊन टाकते, पीएच घसरतो, आणि आम्ल पाण्यात विरघळलेलं अॅल्युमिनियम कल्ल्यांना बाधतं. माठातल्या पाण्याला तुरटी चालते, कारण माठात कुणी श्वास घेत नसतं.

मोरचुदाची गोष्ट गंभीर आहे. आपल्या भागात शेतीच्या प्रत्येक दुकानात ते मिळतं, पिकावरच्या बुरशीसाठी फवारायच्या बोर्डो मिश्रणाकरता कित्येकांच्या घरात पडलेलंही असतं, त्यामुळं चिमूटभर टाकणं फार सोपं आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. शेवाळ त्यानं मरतं, खोटं नाही. शेततळ्यांत ते वापरतात तेव्हा आधी पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे वर सांगितलेली आम्लता झेलण्याची ताकद, मोजतात आणि तिला १०० नं भागून लिटरला किती मिलिग्रॅम टाकायचं ते ठरवतात. अल्कलिनिटी ५० च्या खाली असेल तर वापरूच नये असा नियम आहे. आता आपल्या ४५ लिटरच्या टाकीला हे लावा. अल्कलिनिटी ५० असेल तर लागणारं मोरचूद २२ ते २३ मिलिग्रॅम. बोटांच्या चिमटीत सहज ३०० मिलिग्रॅम येतं. म्हणजे डोस झाला १३ पट. धरणाचं पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा साधारणपणे मृदू असतं, आणि मृदू पाण्यात तांबं जास्त विषारी ठरतं. टाकीत गोगलगायी किंवा कोळंबी असतील तर त्या याहून कितीतरी कमी डोसात जातात. वर एका झटक्यात मेलेलं शेवाळ कुजायला लागतं, ऑक्सिजन खातं आणि अमोनिया सोडतं.

"माशांना ऊन हवं"

नको. घरातल्या माशांना दिवस-रात्र कळण्यापुरता उजेड पुरतो. खिडकीतून येणारं दोन तासांचं थेट ऊन शेवाळाला बास होतं. टाकीची जागा बदलता येत नसेल तर त्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद लावा. दिवा सहा ते आठ तासच ठेवा.

"मोठा फिल्टर घ्या"

क्लोरेलासारख्या पेशी २ ते १० मायक्रॉनच्या असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. स्पंजची छिद्रं त्याहूनही मोठी असतात, त्यामुळं पेशी आरपार जातात. पैसे खर्च करायचेच असतील तर यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा असलेला फिल्टर घ्या. त्यात पाणी दिव्याजवळून सावकाश जातं आणि पेशी मरतात. थोड्याच दिवसांत पाणी काचेसारखं होतं. चालू दिव्याकडं उघड्या डोळ्यांनी बघू नका, डोळे भाजतात.

आता बिनखर्चाचं काय करायचं ते.

आधी खात्री करा. काचेच्या ग्लासात टाकीचं पाणी घेऊन रात्रभर ठेवा आणि सकाळी मागं पांढरा कागद धरून बघा. हिरवा रंग तसाच राहिला तर तरंगतं शेवाळ आहे. तळाला बसला तर गाळ आहे. आणि पाणी दुधाळ असेल तर ती जीवाणूंची वाढ आहे, नव्या टाकीत होते आणि बहुतेकदा आपोआप ओसरते.

शेवाळच असेल तर तिसरा हिस्सा पाणी बदला, दिवा बंद करा आणि टाकीवर घोंगडं किंवा जाड चादर चारी बाजूंनी अशी टाका की फटीतूनही उजेड जाणार नाही. तीन ते चार दिवस तसंच. मध्येच उचलून बघायचा मोह आवरा. एअर पंप मात्र एक क्षणही बंद नको, कारण अंधारात ऑक्सिजन तयार करणारं कुणी नसतं आणि मरणारं शेवाळ असलेला ऑक्सिजन खात असतं. लाईट जाण्याचा भरवसा नसेल तर सेलवर चालणारा पंप जवळ ठेवा. मोठे, धडधाकट मासे तीन-चार दिवस उपाशी सहज राहतात. पिल्लं असतील तर हा उपाय करू नका. झाडं थोडी फिकटतात, मरत नाहीत.

चादर काढली की लगेच पुन्हा तिसरा हिस्सा पाणी बदला, म्हणजे मेलेलं शेवाळ बाहेर जाईल. दोन दिवसांनी अजून एक बादली.

आणि मूळ कारणाकडं वळा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. रंकाळ्याचं पाणी हिरवं पडून वास सुटल्याचं आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यात नाल्यांचं सांडपाणी जातं आणि सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं. उसाला आपण पोत्यातून घालतो तेच हे खत. टाकीत ते दाण्यांच्या डब्यातून येतं. दोन मिनिटांत संपतील एवढेच दाणे दिवसातून एकदा घाला. घरी येणारा प्रत्येक पाहुणा आणि प्रत्येक पोर चिमूटभर टाकत असेल तर डबा वरच्या फळीवर ठेवा. दोन फुटी टाकीत चार-पाच गोल्डफिश कोंबलेले असतील तर कुठलाच उपाय टिकणार नाही. तेवढ्या पाण्यात एक गोल्डफिश ठेवणंही अवघड आहे. हॉर्नवर्टसारखं भराभर वाढणारं पाणझाड टाका, किंवा मनीप्लांटची फांदी अशी लावा की मुळं पाण्यात आणि पानं बाहेर राहतील. ही झाडं शेवाळाच्या तोंडचं नत्र पळवतात. महिन्याभरात मनीप्लांटला पांढऱ्या मुळांचा झुपका सुटला की समजा, ते कामाला लागलंय. त्यानंतर आठवड्याला एक बादली पाणी बदलत राहिलं की टाकी सांभाळली जाते.