300 चा डोंगल, एक पेपरक्लिप आणि आमचा ग्रुप

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज या महिन्यात तिसऱ्यांदा पडलाय. "चेक इंजिन लाइट लागली? मेकॅनिकला पैसे देऊ नका. 300 रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर कुठल्याही जुन्या गाडीला लावा, खराब पार्टचं नाव मोबाइलवर येतं. स्कॅनर नसेल तर सॉकेटमध्ये पेपरक्लिप घाला. मग 10 मिनिटं बॅटरी काढा, लाइट गेली की पीयूसी पास." वर चार अंगठे आणि दोन नमस्कार.

आता "कुठल्याही जुन्या गाडीला". अहो कार्ब्युरेटरवाली गाडी असेल, पद्मिनी किंवा जुनी 800, तर तिथे वाचायला कॉम्प्युटरच नाही, कोड (बिघाडाचा नंबर) येणार कुठून. आपल्याकडे ओबीडी (गाडीने स्वतःचा बिघाड ओळखायची सिस्टम) आलं बीएस-4 या प्रदूषण नियमांबरोबर 2010 ला, आणि त्याची पुढची आवृत्ती ओबीडी-2 सक्तीची झाली एप्रिल 2013 पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंगखाली 16 पिनचं सॉकेट दिसतं पण आत कंपनीची स्वतःची भाषा. डोंगलची, म्हणजे त्या स्कॅनरची, लाइट लागते, ब्लूटूथ पेअर होतं, आणि अ‍ॅप "कनेक्टिंग" म्हणत गोल गोल फिरत बसतं. लाइट लागली कारण 16 नंबरच्या पिनला थेट बॅटरीचा करंट असतो, गाडी बोलायला लागली म्हणून नाही.

पेपरक्लिपचं अर्धं खरंय. जुन्या होंडामध्ये ग्लव्हबॉक्सच्या बाजूला आत 2 पिनचं निळं कनेक्टर असतं, ते वायरच्या तुकड्याने जोडायचं, चावी ऑन पण इंजिन बंद, आणि चेक इंजिन लाइट किती वेळा ब्लिंक होते ते मोजायचं. लांब ब्लिंक म्हणजे 10, छोटा म्हणजे 1. सहा छोटे आले तर कूलंट टेम्परेचर सेन्सरचं सर्किट. सुझुकीच्या जुन्या गाड्यांत 12 आला तर सगळं ठीक, पण माहीत नसलेला माणूस 12 बघूनच घाबरतो. मेसेजमध्ये मात्र कुठलं कनेक्टर ते लिहिलेलंच नाही. कोणी 16 पिनवाल्यात क्लिप कोंबली आणि 16 नि 4 जोडले गेले, म्हणजे बॅटरी आणि अर्थ, तर नशीब चांगलं असेल तर नुसता फ्यूज जाईल.

"खराब पार्टचं नाव येतं" हे सगळ्यात महागात पडतं, मला पडलंय. माझ्या 2011 च्या गाडीला गेल्या पावसाळ्यात पी0118 आला, कूलंट सेन्सर सर्किट हाय. मी शहाणा, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन सेन्सर घेतला, बसवला, परत तोच कोड. मग अ‍ॅपमध्ये लाइव्ह डेटा (सेन्सरचे चालू आकडे) उघडला तर कूलंट उणे 40 डिग्री! भांडुपला, जुलैत. सर्किट तुटलं की ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) असंच दिसतं. एअर फिल्टरच्या मागे हात घातला तर वायर उंदराने कुरतडलेली, बाजूला वडापावच्या कागदाचे तुकडे, म्हणजे साहेबांनी संसारच थाटला होता. कोडने सर्किट सांगितलं होतं, सेन्सर मीच ऐकला. पी0171 चं पण तेच, त्यातून मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) एवढंच कळतं, मग हवेचा पाइप फाटलाय की पेट्रोलचा पंप कमी देतोय ते तुम्ही शोधा. आणि बाहेरून सीएनजी किट बसवलंय त्यांनी आधी बघावं लाइट गॅसवर लागते की पेट्रोलवर, गॅसवरच लागत असेल तर संशय आधी किटच्या ट्यूनिंगवर.

बॅटरी काढून लाइट जाते, खरंय. पण फॉल्ट जागेवरच असेल तर परत येणारच, वर फ्रीझ फ्रेम पण पुसली जाते, म्हणजे फॉल्ट आला तेव्हा इंजिन किती गरम, आरपीएम किती हे जे मेकॅनिकला उपयोगी पडलं असतं तेच गेलं. पीयूसीवाला तर पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतो, डॅशबोर्डच्या लाइटचं त्याला काय.

ज्यांची आरसी 2010 च्या आधीची आहे त्यांनी 300 घालवायच्या आधी रविवारी पार्किंगमध्ये या. माझा डोंगल तसाही पडून आहे, फुकट लावून बघा.