खुलासा: कॅलगुर्लीचा नळ आणि ओ'कॉनर यांचा मृत्यू

'पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कॅलगुर्लीत नळ उघडला, पाणी आलंच नाही, म्हणून अभियंता सी. वाय. ओ'कॉनर यांनी जीव दिला,' असा मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे. दोन तारखा शेजारी ठेवा: ओ'कॉनर गेले १० मार्च १९०२ ला, आणि कॅलगुर्लीत पाण्याचं उद्घाटन झालं २४ जानेवारी १९०३ ला. मधे दहा महिने आहेत. ते गेले तेव्हा कॅलगुर्लीला पाणी नेण्याची त्यांची योजना अपूर्ण होती. नळ उघडायचा प्रश्नच नव्हता.

शिवाय पाणी तोटी फिरवताच येणार तरी कसं? मुंडारिंग धरणापासून कॅलगुर्ली सुमारे ५३० किलोमीटर, तेही चढावर. वाटेत तेव्हा आठ पंपिंग स्टेशनं. पाइप ३० इंची. रोजच्या ५० लाख गॅलनच्या पूर्ण क्षमतेने पंप चालले, तरी हिशेबाने पाण्याला कॅलगुर्लीला पोचायला अकरा दिवस लागले असते. टाक्या भरायचा वेळ वेगळा.

मग त्यांनी जीव का दिला? वृत्तपत्रांतले भ्रष्टाचाराचे आरोप आणि सततची टीका यांनी ते खचले होते. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत योजना ठीक आहे असं त्यांनी लिहिलं, धरणाच्या बाजूच्या भिंतींची सूचनाही दिली. पाणी पुढे ठरल्याप्रमाणे आलं. हरलेला अभियंता म्हणून त्यांची ओळख पसरवणं अन्यायाचं आहे. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर या दोन तारखा टाका.